चाळणीला लांबी कळत नाही

तांदळाचे सगळे दाणे एका मापाचे दिसले, की 'हा प्लास्टिकचा' असा निरोप मोबाइलवर फिरू लागतो. प्लास्टिक शिजत नाही, पाणी पिऊन फुगत नाही, शिवाय ते तांदळापेक्षा स्वस्तही नाही. रेशनच्या तांदळात काही दाणे पाण्यावर तरंगलेले दिसले असतील, तर ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 मिसळून घडवलेले असतात; 100 किलोत 1 किलो. बाकीच्या दाण्यांचा सारखेपणा गिरणीतल्या एका फिरत्या नळकांड्याची करामत आहे. त्याला लेंथ ग्रेडर म्हणतात.

नवापूर पट्ट्यातलं भात गिरणीत टरफल निघून, पॉलिश होऊन बाहेर येतं तेव्हा अख्ख्या तांदळात तुकडा, कणी आणि कोंडा मिसळलेला असतो. बारीक कणी नि कोंडा चाळणीतून जातो. पण अर्धा दाणा चाळणी वेगळा काढू शकत नाही. अख्खा दाणा 6 मिलिमीटर लांब आणि तुकडा 3 मिलिमीटर असला, तरी दोघांची जाडी सारखीच. हलत्या चाळणीवर लांब दाणा उभा राहतो आणि त्याच भोकातून खाली उतरतो. चाळणी जाडी मोजते, लांबी नाही.

ग्रेडरच्या नळकांड्याला आतून हजारो खळगे असतात. प्रत्येकाचा व्यास अख्ख्या दाण्याच्या लांबीपेक्षा जरा कमी. नळकांडं फिरतं तसा तुकडा खळग्यात पुरता बसतो आणि वरपर्यंत जातो. अख्खा दाणा टोकाने आत शिरला तरी त्याचा भार बाहेरच राहतो, म्हणून तो लवकर कलंडून तळाशी परततो आणि पुढच्या तोंडाने बाहेर पडतो. वर गेलेला तुकडा उंचावरून सुटतो, तो नळकांड्याच्या आत मधोमध बसवलेल्या पन्हळीत पडतो. तिथला फिरता स्क्रू त्याला ढकलत वेगळा नेतो.

सगळी गंमत वेगात आहे. 60 सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं मिनिटाला सुमारे 55 फेऱ्यांवर नेलं, तर माथ्यावरसुद्धा दाणा गुरुत्वाला दाद देत नाही. भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो. म्हणून वेग त्याच्या बराच खाली ठेवावा लागतो. फारच कमी केला तर तुकडा पन्हळीच्या काठाआधीच गळतो. काठ खाली कलवला तर अख्खा तांदूळ तुकड्यात जातो, वर उचलला तर तुकडा अख्ख्यात राहतो. माल जास्त सोडला की थर जाड होतो, वरच्या दाण्यांना खळगा भेटतच नाही. कोंड्याचं तेल साचून खळगे बुजतात, आणि वर्षानुवर्षांच्या घासाने त्यांच्या कडा गोल होतात. अशा वेळी ऑपरेटर काठ फिरवत बसतो. खरं तर नळकांडं साफ करायला किंवा बदलायला हवं.

पोत्यावरचं 'सॉर्टेक्स' हे वेगळं काम. त्यात कॅमेरा रंग पाहतो आणि हवेचा फवारा काळा-पिवळा दाणा उडवतो. जळगावच्या डाळ मिलमध्येही हीच पद्धत. तिचं मुख्य काम रंगाचं, लांबीचं नाही, त्यामुळे 'सॉर्टेक्स' म्हणजे तुकडाविरहित असं धरून चालू नये.

एकाच गिरणीत आखूड आणि लांब अशा दोन जातींचं भात येत असेल, तर नळकांडंही दोन हवीत. लांब दाण्याच्या नळकांड्यात आखूड जात घातली, तर तिचा अख्खा दाणाही खळग्यात मावतो आणि तुकड्याच्या भावाने जातो. तुकड्याच्या तोंडाशी मूठभर माल घेऊन पाहा: दाण्याची दोन्ही टोकं शाबूत दिसली, तर नुकसान सुरू झालेलं आहे.