आठव्या महिन्याचं बाळ जगत नाही?

‘सातव्याचं बाळ जगतं, आठव्याचं नाही’ हे मुंबईत आजही घरोघरी ऐकू येतं. नवजात शिशूंची डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीही हेच ऐकत वाढतात. हे साफ खोटं आहे. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाचं बळ वाढवतो. फुप्फुसं मिटू न देणारं सर्फॅक्टंट नावाचं द्रव्य साधारण ३४-३५ आठवड्यांनंतर पुरेसं तयार होतं. त्यामुळे आठव्यातल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा धोका कमीच. ऊब हवी, आईचं दूध हवं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी (आयांनी दान केलेलं दूध साठवणारी) सुरू केली, ती अशाच बाळांसाठी!

मुलींनो, वाट लांब आहे: एमबीबीएस, बालरोगात एमडी, मग नवजात शिशुशास्त्रात तीन वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची विशेष पदवी. पण आजीची समजूत आजच काढा. आठव्यात कळा आल्या, तर रुग्णालयात जायला तासभरही थांबू नये.