विक्रीपूर्व दर्शनी सुधारणा
घर विकायला काढण्यापूर्वी त्याचा रस्त्यावरून दिसणारा भाग नीटनेटका करण्याची प्रथा. बाहेरचे रंगकाम, फाटक व कुंपणाची डागडुजी, पन्हळी, मुख्य दार, दिवे, अंगण व झाडे एवढा तिचा पसारा. विकाऊ घर झाडूनपुसून दाखवणे जुनेच आहे. मात्र वेगळ्या खर्चाची बाब आणि दलालाच्या सल्ल्याचा विषय म्हणून ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी उपनगरांत रूढ झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गिऱ्हाईक मोटारीत बसूनच घरांवरून नजर फिरवी आणि उतरायचे की नाही ते ठरवी. हल्ली हे पहिले दर्शन बहुधा जाहिरातीतील छायाचित्रात घडते.

दर्शनी रूपामुळे किंमत किती वाढते, हे मोजण्यासाठी प्रामुख्याने हेडॉनिक किंमतपद्धती वापरतात. वस्तूच्या किमतीत तिच्या प्रत्येक गुणाचा वाटा असतो असे धरून तो वाटा बहुचर समाश्रयणाने, म्हणजे अनेक गुणांचा किमतीशी एकत्रित संबंध काढणाऱ्या सांख्यिकी गणिताने, काढणे, हे या पद्धतीचे सार. तिच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू कोर्ट यांनी १९३९ मध्ये मोटारींच्या किमतींचा वजन, अश्वशक्ती व चाकांच्या आसांमधील अंतर यांच्याशी संबंध जोडला. पद्धतीचे नावही त्यांचेच. १९६१ मध्ये झ्वी ग्रिलिकस यांनी मोटारींवरच काम करून पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि श्रेय कोर्ट यांना दिले, त्यामुळे कोर्ट हेच जनक हे मत पुष्कळ काळ टिकले. फ्रेडरिक वॉ यांचा भाजीपाल्याच्या किमतींचा अभ्यास मात्र १९२८ चा, म्हणजे त्याआधीचा. ॲस्परॅगस या कोंबांच्या भाजीचा हिरवा भाग किती लांब आहे, यावर भाव कसा बदलतो, हे त्यात तपासले होते. पीटर कोलवेल व जीन डिलमोर यांनी १९९९ मध्ये याहून जुना दाखला पुढे आणला. जी. सी. हास यांनी १९२२ मध्येच अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील शेतजमिनींच्या विक्रीकिमतींचे असे विश्लेषण केले होते. हास यांच्याकडे हेडॉनिक हे नाव नाही आणि मागणी-पुरवठ्याचा सिद्धांतही नाही. तो पाया शर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये घातला. तरी निव्वळ पद्धतीपुरते पाहिले, तर हास यांचा अग्रक्रम डावलणे अवघड आहे. स्थावर मालमत्तेच्या अभ्यासकांना तो विशेष जवळचा वाटावा, कारण हास यांनी मोजलेल्या घटकांत जमिनीवरील इमारतींचे मूल्यही होते.

दर्शनी रूपाला ही पद्धती लावताना एक अडचण येते. ज्या घराचे तोंड नीट राखलेले असते, त्याचे छप्पर आणि नळही बहुधा नीट राखलेले असतात. मग किंमत रंगाची की निगराणीची, हे आकड्यांतून सहज सुटत नाही. झाडे मोजता येतात, म्हणून त्यांच्याबाबत निष्कर्ष जरा ठाम मिळतात. जेफ्री डोनोव्हन व डेव्हिड ब्युट्री यांच्या २०१० च्या अभ्यासात, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात रस्त्याकडेच्या झाडांमुळे घराच्या विक्रीकिमतीत सरासरी ८,८७० डॉलरची भर पडल्याचे आढळले; घरे विकण्यास लागणारा काळही सरासरी १.७ दिवसांनी कमी झाला होता.

खरेदीदार देखणेपणाचेच पैसे मोजतो, असे एक मत आहे. दुसरे मत अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडलेल्या असमान माहितीच्या विचाराला धरून आहे : आतील दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून बाहेरची निगा हा आतील स्थितीचा पुरावा मानला जातो. हे दुसरे मत अधिक पटणारे आहे. अनुभवी पारखी ताज्या रंगाने खूश न होता उलट सावध का होतो, याचाही उलगडा त्यातून होतो.

घाईत दिलेला रंग फसतो तो बहुतेक ओलीमुळे. भिंतीतील पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार सोबत आणते. पाणी पृष्ठभागावर उडून गेले की क्षारांची पांढरी भुकटी राहते, तोच लोणा. पृष्ठभागाखालीच स्फटिक धरले तर गिलावा भुसभुशीत होतो. अशा भिंतीवर घट्ट पापुद्रा धरणारा रंग दिला, तर ओल आत कोंडते आणि काही महिन्यांत फुगे व पोपडे येतात. हे प्रकार बहुधा जमिनीलगतच्या पट्ट्यात किंवा फुटक्या पन्हळीखाली दिसतात. तेव्हा आधी पाण्याची वाट बंद करून भिंत वाळू द्यावी लागते. चुन्याचा रंग हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेटमध्ये बदलतो आणि सच्छिद्र राहतो, म्हणून जुन्या चुनेगच्ची भिंतींना तो मानवतो. नव्या सिमेंट गिलाव्याचा सामू (pH) १२ ते १३ इतका, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, असतो. त्यावर तैलरंग दिल्यास तेलाचे साबणीकरण होऊन, म्हणजे अल्कामुळे तेलाचा साबण बनून, रंग चिकट पडतो व सुटतो. त्यासाठी साधारण चार आठवडे थांबण्याचा प्रघात आहे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यास कोरडे घासणे टाळतात.

डागडुजी आणि लपवाछपवी यांत कायदा फरक करतो. खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे, हे इंग्लिश परंपरेतील जुने तत्त्व. पण दोष मुद्दाम झाकून, उदाहरणार्थ भेग बुजवून त्यावर रंग मारून, केलेल्या फसवणुकीला ते संरक्षण देत नाही.

सदनिकांच्या बाबतीत इमारतीचा दर्शनी भाग सामाईक असल्याने विकणाऱ्याच्या हाती बहुधा मुख्य दार व उंबऱ्यालगतची जागा एवढेच राहते.