वडाचं वय काय टाकू?

मागच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचा म्हणून माप घेणारे आले आन् फाट्यावरच्या वडाला चुन्याची फुली मारून गेले. आबाजी म्हणे, "माह्या आज्याच्या लग्नात वरात याच वडाखाली थांबली होती बापा!"

आता गंमत बघा. झाडं जपायच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या महाराष्ट्रात ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे हेरिटेज ट्री, प्राचीन वृक्ष, आणि ते तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. पण हा कायदा शहरी भागापुरता. खेड्यात लागतो १९६४ चा झाडतोडीचा कायदा, आणि तो वय विचारतच नाही, जात विचारतो. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर यादीत आहेत, वड-पिंपळ नाहीत! म्हणजे कालपरवाचा साग परवानगीशिवाय तोडता येत नाही आन् वडाला मात्र त्या यादीचा काहीच आधार नाही.

बरं, वय मोजायचं तरी कसं? सागाचं सोपं आहे, उन्हाळ्यात पानं गाळून वाढ थांबते, पावसाळ्यात परत सुरू झाली की आधी मोठ्या छिद्रांचं लाकूड बनतं, म्हणून आडव्या कापात वर्षाचं एकेक कडं साफ दिसतं. वडात अशी कडी नीट उमटत नाहीत, त्यात पारंब्या जमिनीला टेकून खोडं होतात, मग मूळ खोड कोणतं हेच समजत नाही. मग साडेचार फुटांवर टेप लावून घेर घ्यायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. तोही कच्चाच, कारण नाल्याकाठचं झाड भराभर जाड होतं, मुरमाडातलं रखडतं.

आणि "आतून पोकळ झालाय, पाडा" हे तर कोणीही म्हणतं. अरे, खोडाचा गाभा तसाही मेलेलाच असतो, जिवंत थर सालीला लागून असतो! फांदी पडायचा धोका आहे का ते जरूर तपासा, पण पोकळ म्हणजे मेलेलं नाही.

आम्ही बैलाच्या कासऱ्यानं घेर मोजला, तर मधात चार पारंब्या आल्या. शेवटी ठरलं की निदान गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांच्या वहीत, वड लिहून ठेवू, २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत ही वही करणारी समिती असते. नुसत्या नोंदीनं कुऱ्हाड थांबत नाही हे माहीत आहे, पण कागदावर तरी येईल. लिहिणाऱ्यानं पेन उघडून विचारलं, "वय काय टाकू?"

आबाजी म्हणे, "आज्याच्या लग्नाचं साल काढतो, थांब."