लोपामुद्रा (नाव)

लोपामुद्रा हे संस्कृत स्त्रीनाव आहे. ते अगस्त्य ऋषींच्या पत्नीचे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९वे सूक्त सहा ऋचांचे असून त्यातील पहिल्या दोन ऋचा परंपरेने तिच्याच मानल्या जातात. ‘पूर्वीरहं शरदः शश्रमाणा’ या शब्दांनी सूक्त सुरू होते. कित्येक शरद मी रात्रंदिवस कष्टत आले, उजाडणारी प्रत्येक पहाट वय वाढवत गेली, म्हातारपण देहाची शोभा हिरावून घेते, आता तरी पतीने पत्नीजवळ यावे, असे ती तपात गढलेल्या नवऱ्याला स्पष्ट सांगते. संसाराचा हक्क इतक्या मोकळेपणी मागणारा स्त्रीचा आवाज ऋग्वेदात विरळाच, आणि या नावाचे खरे मोल त्यातच आहे.

नावाची फोड बहुतेक जण ‘लोप’ आणि ‘मुद्रा’ अशी करतात. पण तसे असते तर नाव ‘लोपमुद्रा’ झाले असते, आणि पुष्कळदा ते तसे चुकीचे लिहिलेही जाते. ‘पा’ दीर्घ आहे. कोशपरंपरेतील एक व्युत्पत्ती त्यामुळे ‘लोपा’ आणि ‘आमुद्रा’ अशी फोड करते: इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान लोपवणारी आणि विधात्याच्या सृष्टीवर आपली मोहर उमटवणारी. ही फोड नंतरच्या पंडितांची असली, तरी त्या दीर्घ ‘पा’चा उलगडा तिनेच होतो.

महाभारताच्या वनपर्वात तिची कथा विस्ताराने येते. निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन अगस्त्यांनी एक कन्या घडवली आणि ती अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाला दिली. म्हणजे ही विदर्भाचीच लेक. पुढे अगस्त्यांनी तिला मागणी घातली तेव्हा राजा कचरला. ‘मला त्यांना द्या,’ असे तिनेच वडिलांना सांगितले. तिने दागिने उतरवून वल्कले नेसली. मात्र अपत्याची वेळ आली तेव्हा माहेरी होती तशी शय्या आणि अलंकार हवेत, अशी अट तिने घातली. त्या धनासाठीच अगस्त्य इल्वल या धनाढ्य असुराकडे गेले. हजार पुत्र हवेत की हजारांना भारी असा एकच, या प्रश्नावर तिने एकच निवडला. तो दृढस्यू.

कर्नाटकातील कोडगूच्या (कूर्ग) आख्यायिकेत कावेरी नदी म्हणजे लोपामुद्राच. ललितासहस्रनामात देवीचे एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’, म्हणजे लोपामुद्रेने पूजिलेली, असे आहे.

बंगाल आणि ओडिशात हे नाव बऱ्यापैकी ओळखीचे आहे. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते दूरवर पोहोचले. महाराष्ट्रात ते क्वचितच ऐकू येते. चार अक्षरे आणि त्यात जोडाक्षर, हे एक कारण असावे. ‘लोप’ शब्दातली नाहीशी होण्याची छटाही काहींना खटकते. ‘लो’ हे भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे अक्षर. बारशाला ‘लो’वरून मुलीचे नाव हवे असले की पर्याय फार थोडे उरतात, आणि तिथे हे नाव हमखास सुचवले जाते. घरात हाक मारताना त्याचे ‘लोपा’ किंवा ‘मुद्रा’ होते.