पगच्या घशातली नळी कधी काढायची?

पग, फ्रेंच बुलडॉग या कुत्र्यांचं थोबाड माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून आखूड केलं, आतलं मांस मात्र तेवढंच राहिलं. नाकपुड्या फटीएवढ्या, जीभ जाड, टाळूमागचा मऊ पडदा लांब. जागेपणी घशाचे स्नायू ही वाट ताणून धरतात. ऑपरेशनच्या भुलीत ते सैल पडतात, पण तेव्हा श्वासासाठी श्वासनळीत नळी घातलेली असते म्हणून निभावतं. स्नायू पेंगुळलेले असतानाच नळी काढली, तर पडदा थेट स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. कुत्रं जोरानं हवा ओढतं, त्या ओढीनं घसा सुजतो आणि वाट आणखी अरुंद होते.

लॅब्रॅडॉर गिळायला लागला की नळी काढतात. पगला डोकं उचलू द्यावं, नळी चावू द्यावी. कित्येकदा तो नळीसकट निवांत इकडंतिकडं बघत बसतो. इतका मोकळा श्वास त्याला एरवी मिळतोय कुठं! काढताना तो पोटावर पालथा हवा, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी, जीभ पुढं ओढलेली. ऑक्सिजन, लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) आणि एक नंबर लहान नळी हाताशीच असावी.

नळीभोवतीच्या फुग्यात दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका पुरतो. जास्त झाला तर श्वासनळीच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. नळी काढल्यावर एक-दोन दिवस हलका खोकला चालतो, वाढता खोकला नाही. काढण्याआधी फुगा रिकामा करायचा. पोटातलं पाणी घशात आलं असेल तर मात्र आधी घसा साफ करून, फुग्यात थोडी हवा ठेवूनच नळी ओढतात, म्हणजे साचलेलं बाहेर येतं.

हे पाणी येतं कुठून? ‘उपाशी कसं पाठवायचं’ म्हणून सकाळी चारलेल्या दूधभाकरीतून, नाहीतर रात्रीच्या तांबड्या रश्शातल्या मटणातून. त्यात झायलाझिन या गुंगीच्या औषधाच्या इंजेक्शननं कुत्र्याला पुष्कळदा उलटी होते. मोठ्या कुत्र्याचं खाणं 6 ते 8 तास आधी बंद. पिल्लांची साखर उतरते, त्यांचं डॉक्टरांना विचारूनच. फुप्फुसात गेलेल्या घाणीचा न्यूमोनिया दिसायला एखाद-दोन दिवस लागतात. घरी गाढ झोपेत श्वास मोजा. मिनिटाला सतत 30 च्या वर गेले तर वाट बघत थांबू नका, दवाखान्यात न्या.

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात ऑपरेशनसाठी सकाळची वेळ मागून घ्या आणि ऊन उतरल्यावरच घरी न्या. भर दुपारी राजारामपुरीतून रिक्षानं निघालेला पग धापेनं अंग थंड करू बघतो आणि त्या धापेनंच घसा सुजवतो. नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सियस. 40 च्या वर गेलं तर नळाच्या पाण्यानं अंग भिजवा, पंखा लावा, 39.5 ला थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला.

मान लांब केलेली, कोपरं अंगापासून फाकलेली, जीभ जांभळट: ही धोक्याची खूण. घोरणाऱ्या पगचा आवाज एकाएकी बंद झाला तर ‘झोपला वाटतं’ म्हणू नका. नाकापुढं तळहात धरा. छाती हलतेय पण हाताला वारा लागत नाही, म्हणजे वाट पूर्ण बंद झालीय.