धंद्यात आलेला पैसा: कर्ज की भांडवल?

गोव्यात डिचोलीतल्या एका काजू कारखान्याला नवी यंत्रं घ्यायला 50 लाख हवेत, असं धरू. बँक द्यायला तयार आहे आणि आखातातून परतलेला मेहुणाही म्हणतो, "मी घालतो ना पैसे." पण हे पैसे परत करायचे आहेत की बदल्यात कंपनीचा हिस्सा द्यायचा आहे, हे कुणी विचारत नाही. पुढची बरीच भांडणं इथूनच निघतात.

कर्ज 11 टक्क्यांनी मिळालं तर व्याज वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास सुरू होतं. ते खर्चात धरलं जातं, म्हणून करही थोडा वाचतो. मुद्दलाला मात्र ही सवलत नाही. पाच वर्षांत फेडायचं तर वर्षाला 10 लाख कर भरून उरलेल्या पैशांतूनच काढावे लागतात.

त्याऐवजी 20 टक्के शेअर दिले आणि नफा 20 लाख झाला, तर त्यातले 4 लाख मेहुण्याचे, तेही लाभांश जाहीर केला तरच हातात. हे स्वस्त वाटतं. पण उद्या नफा कोटीवर गेला की त्याचा वाटा 20 लाखांचा होतो आणि त्याला मुदत नसते. हिस्सा 25 टक्क्यांच्या वर गेला तर तो विशेष ठरावही, म्हणजे कंपनीचे मोठे निर्णयही, अडवू शकतो, कारण असा ठराव मंजूर व्हायला 75 टक्के मतं लागतात.

माझ्या मते स्वस्त-महागापेक्षा वाईट वर्ष कोण सोसणार, हा प्रश्न मोठा आहे. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा. खनिज वाहतूक थांबली, पण कर्जावर घेतलेल्या ट्रक आणि बार्जचे (खनिज वाहणाऱ्या बोटींचे) हप्ते थांबले नाहीत. ज्यांनी ते घेतले होते, त्यांच्या कष्टात काही खोट नव्हती. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या वहीत खातं बुडीताकडे जातं. भागधारक तसा तगादा लावू शकत नाही. कंपनी बुडालीच तर बँक, कामगार, सरकार या सगळ्यांचं देऊन उरलं तरच त्याला मिळतं.

म्हणून पैसा कशाला हवा ते आधी पाहा. काजू बी मार्च ते मे या हंगामात येते, वर्षभराचा साठा तेव्हाच भरावा लागतो आणि काजूगर विकले की पैसा सुटतो. अशा गरजेला बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे पैसे काढायची आणि भरायची सोय, उत्तम. ऑर्डर हातात असतील तर यंत्रांनाही कर्ज चालेल. पण नवा ब्रँड उभा करायचा, परराज्यात बाजार शोधायचा, तर पैसा कधी परत येईल हे कुणालाच सांगता येत नाही. तिथे हप्ता मागे लावून घेऊ नये, भांडवलच आणावं.

आणि मेहुण्याचं म्हणाल तर कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असल्यास एक गोष्ट आधी तपासा. कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत भाऊ, बहीण, सून, जावई आहेत, मेहुणा नाही. तो संचालक किंवा भागधारक नसेल तर त्याचं कर्ज ठेव ठरतं, आणि बाहेरच्यांकडून ठेवी घ्यायला खासगी कंपनीला मनाई आहे. संचालकाच्या सख्ख्या भावाकडून घेता येतं, पण ही रक्कम आपण कुठून उसनी आणलेली नाही, असं त्याला लेखी द्यावं लागतं.