पाणी बदललं की मासे का आजारी पडतात?

घरच्या माशांच्या टँकमध्ये औषध टाकलं की आठ-दहा दिवसांत मासे सावरतात आणि महिना-दीड महिन्यात तेच पुन्हा सुरू होतं. पंखांच्या कडा झडतात, मासे खड्यांवर अंग घासतात, वर येऊन धापा टाकतात. मग दुकानातून दुसरी बाटली येते. अशा वेळी जंतूचं नाव शोधण्याआधी तारखा शोधाव्यात. पंख कुजवणारे एरोमोनससारखे जीवाणू गोड्या पाण्यात कायमच असतात आणि धडधाकट माशापुढे त्यांचं काही चालत नाही. तेव्हा ठरावीक अंतराने माशाची ताकद कशामुळे जाते, ते आधी पाहायचं.

टँकजवळ एक वही ठेवा. पाणी कधी आणि किती बदललं, फिल्टर कधी धुतला, नवा मासा किंवा वनस्पती कधी आणली आणि आजार कोणत्या दिवशी दिसला, एवढंच लिहा. पाणी बदलणं आणि फिल्टर धुणं एकाच दिवशी करू नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. नाहीतर दोष कशाचा, हे कळणारच नाही. नवं पाणी घातल्यावर तासाभरात मासे तडफडू लागले तर संशय क्लोरीनवर. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर १०० लिटर पाण्याला सुमारे ०.७ ग्रॅम हायपो (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट) पुरतो. पण आजार पाणी बदलल्यावर दोन-चार दिवसांनी डोकं वर काढत असेल आणि टँक वर्ष-दोन वर्षं जुना असेल, तर केएच मोजल्याशिवाय एकही औषध टाकू नका.

केएच म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, पीएच सावरून धरणारा साठा. माशांच्या विष्ठेतून, गिलमधून (कल्ल्यांतून) आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले नायट्रोस्पायरासारखे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या कामात आम्ल तयार होऊन हा साठा खर्च होतो. हिशेब सोपा आहे: लिटरमागे ११ मिलिग्रॅम नायट्रेट तयार झालं की केएच साधारण १ अंशाने (अंश हे केएच मोजण्याचं एकक) उतरतं. धरणाच्या पाण्यात केएच मुळात कमी असतं. ते ३ अंश असेल तर ३३ मिलिग्रॅम नायट्रेट होईपर्यंत साठा संपला. भरपूर खायला घातलेल्या गोल्डफिशच्या टँकमध्ये याला फार दिवस लागत नाहीत. केएच संपलं की पीएच घसरतो, आणि तो ६ च्या खाली गेला की या जीवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. अमोनिया साचत राहतो, मासे मात्र ठणठणीत दिसतात. कारण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो.

समजा, २८ अंश तापमानाच्या पाण्याचा पीएच ६ आहे आणि अमोनिया मोजण्याच्या किटवर लिटरला ४ मिलिग्रॅम अमोनिया दिसतोय. त्यातला विषारी भाग जेमतेम ०.००३ मिलिग्रॅम. आता अर्धं पाणी काढून बोअरचं किंवा टँकरचं चांगलं केएच असलेलं पाणी भरलं. एकूण अमोनिया २ वर आला, पण पीएच ७.७ वर गेला, आणि विषारी भाग झाला ०.०७ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकूण अमोनिया निम्मा झाला आणि विष वीस पटींहून जास्त वाढलं. गिल सुजतात, अंगावर चिकट थर वाढतो, प्रतिकारशक्ती ढासळते आणि दोन-चार दिवसांत जीवाणू पंख धरतात.

घोळ वाढतो तो पुढे. मेथिलिन ब्लू हे जंतुनाशक औषध टाकलं की फिल्टरमधले जीवाणूही मरतात. काही दिवसांत पीएच पुन्हा उतरला की विष आपोआप कमी होतं, मासे सावरतात आणि श्रेय औषधाला जातं. पुढच्या मोठ्या पाणीबदलापर्यंत सगळं शांत. माझ्या मते वारंवार आजारी पडणाऱ्या जुन्या टँकमध्ये हे चक्र सर्वात आधी तपासावं, कारण बाहेरून ते हुबेहूब संसर्गासारखंच दिसतं.

तपासणी पाणी बदलण्याआधी करायची. टँकच्या पाण्याचा पीएच, केएच आणि अमोनिया मोजा. हायपो वापरत असाल तर नेसलर पद्धतीचं किट चुकीचा आकडा देतं. सॅलिसिलेटचं, म्हणजे पिवळ्यावरून हिरव्याकडे जाणारं किट घ्या. नव्या पाण्याचा पीएच दोनदा मोजा: ताजा, आणि बादलीत २४ तास एअर पंप चालवून. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. तो उडून गेला की ७.२ दिसणारा पीएच ८ च्या पुढे जाऊ शकतो, आणि माशांना झेलावा लागतो तो हा दुसरा आकडा.

टँकचं केएच ०-१, पीएच ६ च्या आसपास आणि अमोनिया जास्त निघाला तर केएच वाढवायला घाईने खाण्याचा सोडा टाकू नका. त्यानेही पीएच चढून तेच विष तयार होतं. खाद्य निम्म्यावर आणा, रोज १० टक्केच पाणी बदला आणि अमोनिया शून्याजवळ येऊ द्या. मग सोडा पाण्यात विरघळवून घाला. ३ ग्रॅम सोड्याने १०० लिटर पाण्याचं केएच १ अंशाने वाढतं. दिवसाला १ अंशाहून जास्त नको, ४ अंशांवर थांबलं तरी चालेल. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा.

आकडे चांगले असूनही आजार परतत असेल तर दुसरीकडे पाहावं लागतं. पांढरे ठिपके उठवणारा इक्थिओफ्थिरियस हा परजीवी कातडीखाली असेपर्यंत त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. तो खाली पडून फुटतो, शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात, आणि औषधाने मरतात ती तीच. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवलं की आजार परतणारच. २५-२६ अंशांना हे चक्र साधारण आठवड्याचं, थंडीत बरंच लांबतं. गप्पींच्या गुदद्वारातून लाल धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत आहेत, पाण्याचा दोष नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी एकेकच मासा खंगत, कण्यात वाकून मरत असेल तर मायकोबॅक्टेरियम या जीवाणूचा संशय घ्या आणि हाताला जखम असताना त्या पाण्यात हात घालू नका. माणसाच्या कातडीलाही तो धरतो. असा मासा प्रयोगशाळेत तपासायला द्यायचा असेल तर मेल्या मेल्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा. फ्रीझरमध्ये गोठवलेल्या माशाच्या ऊती फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून फारसं काही कळत नाही. टँकचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत द्या, सोबत ती वहीही.